कार्बोरेटरमध्ये कचरा

कर्जत-खालापूरकडं कुणाला ‘ठाकुरवाडी कुठं आली?’ असं विचारलं, की समोरचा उलट विचारतो, ‘कुठली?’ डोंगराच्या पायथ्याशी, माचीवर, धरणाच्या पलीकडं, जिथं ठाकर समाजाची वस्ती तिथं ठाकुरवाडी. बोरघाटातल्या रेल्वेच्या एका ठाण्याचंही नाव तेच. अशा चार वाड्या पालथ्या घातल्या तर एखादीत तरी तो भेटतो. त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. तो मिस्त्री. आणि त्याच्या दारात येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘कटर चालू होत नाय.’

कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. खोक्यावर ‘चेनसॉ’ असं छापलेलं असतं. पण खोकं कधीच चुलीत गेलेलं असतं आणि आतलं माहितीपुस्तक कुणी उघडलेलं नसतं. उघडलं असतं तर मिस्त्रीचा धंदा चालला नसता.

त्याची गिऱ्हाइकं दोन जातीची. पहिलं म्हणजे लाकूडतोडीचा ठेकेदार. त्याचं मशीन सकाळी बिघडलं तर दुपारी त्याला ते हवं असतं. तो मिस्त्रीच्या कामात लक्ष घालत नाही, बाजूला बसून तंबाखू मळतो. दुसरं गिऱ्हाईक फार्महाऊसवाला शेठ. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या खाली किनाऱ्यावर चढलं आणि रायगडभर झाडं आडवी झाली. फाटकावर पडलेला आंबा तोडायला माणूस मिळेना, तेव्हा शेठनं इरेला पेटून स्वतःचीच कटर घेतली, तीही कुणीतरी वापरून कंटाळलेली. तेव्हापासून ती वर्षातून दोनदा चालते. उरलेला काळ ती टाकीतल्या पेट्रोलासकट गॅरेजात चिंतन करते.

या चिंतनातच सगळी भानगड आहे. कटरचं इंजिन टू-स्ट्रोक, त्याला वेगळं ऑइल घालायची सोय नाही. पेट्रोलातच टू-टी ऑइल मिसळायचं : चांगलं असेल तर लिटरला 20 मिली, साधं असेल तर 40. मिस्त्रीचं माप म्हणजे एका बाटलीचं बूच. ते माप इतकं अचूक की बूच हरवलं तेव्हा वाडीतलं निम्मं लाकूडकाम दोन दिवस खोळंबलं, असं तो स्वतःच सांगतो. पण हल्ली पेट्रोलच बदललंय. त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ‘उसाचा रस घालतात,’ असं मिस्त्री म्हणतो, आणि मळी, मका, तांदूळ वगळले तर हे फारसं चुकीचं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कर्जतच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं तरी काय? चार महिन्यांत पाणी आणि इथेनॉल जोडीनं टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पेट्रोल आणि ऑइल वर राहतं. टाकीतला फिल्टर मुद्दाम जड केलेला असतो, करवत कशीही धरली तरी तळाशी पडावा म्हणून. तो इमानदारीनं तळाचंच ओढतो. शेठ दोरी ओढून ओढून खांदा उतरवून घेतो आणि मग गाडीच्या डिकीत कटर घालून वाडीवर येतो.

मिस्त्री आधी प्लग काढतो. ओला की कोरडा, एवढंच बघायचं. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, दुखणं दुसरीकडं. कोरडा असेल तर वाटेत कुठंतरी अडलंय. वाट तरी केवढी? टाकीतला फिल्टर, वीतभर रबरी नळी, कार्बोरेटर. फिल्टर चोंदतो. नळी जुनी झाली की तिला केसाएवढी चीर जाते, मग ती पेट्रोलाऐवजी हवा ओढते. इंजिन उगाच किंचाळायला लागतं, आणि कमी पेट्रोल म्हणजे कमी ऑइल, त्यामुळं पिस्टनवर ओरखडे पडतात. भोवती जमलेल्यांपैकी एकजण नेहमी ‘एअर घेतलीय’ एवढंच म्हणतो. त्याचं निदान वर्षातून एकदा खरं ठरतं, आणि उरलेलं वर्ष तो त्या एका दिवसावर काढतो.

पण मिस्त्रीची खरी परीक्षा वेगळ्या दुखण्यात होते. शेठ सांगतो, ‘मिस्त्री, चालू होते, पाच मिनिटं झकास चालते आणि मरते. थोडं थांबलं की पुन्हा चालू.’

वाक्य संपायच्या आत मिस्त्रीला रोग कळलेला असतो. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत अडतं; म्हणून घरची बाई दुसरं भोक पाडते. टाकीचंही तेच. पेट्रोल बाहेर गेलं तेवढी हवा आत यायला हवी, आणि त्यासाठी झाकणात किंवा त्याच्या शेजारी एक बारीक वाट असते. जुन्या कटरमध्ये ती भुसा आणि साखळीच्या ऑइलचं मेण होऊन बुजते. टाकीत पोकळी होते, पेट्रोल जागचं हलत नाही. थांबलं की हवा हळूहळू झिरपते आणि मशीन पुन्हा जिवंत होतं. हे ओळखायला झाकण जरा ढिलं करायचं. ‘फुस्स’ आवाज आला की झालं.

शेठकडं पाठ करून मिस्त्री झाकण ढिलं करतो. फुस्स. मग वळतो, चेहरा गंभीर करतो आणि म्हणतो, ‘शेट, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’

याला लबाडी म्हणायची घाई नको. एकदा त्यानं खरं सांगून पाहिलं होतं. झाकण ढिलं केलं, भोक साफ केलं, मशीन अर्धा तास चालवून दाखवलं. शेठ म्हणाला, ‘झाकणाचे कसले पैसे?’ वर पुढच्या खेपेला कटर दुसरीकडं नेली, कारण ‘हा माणूस काही खोलतच नाही’. त्या दिवशी मिस्त्रीला कळलं की गिऱ्हाईक दुरुस्तीचे पैसे देत नाही, खोलल्याचे देतं. तेव्हापासून तो खोलतो.

खोलायची जागा ठरलेली : ओटीवर अंथरलेलं जुनं धोतर. त्यावर इवलासा कार्बोरेटर. इथं मात्र मिस्त्री नाटक विसरतो, कारण त्याला ही वस्तू मनापासून आवडते. पहिल्या पेट्रोल करवतींना मोटरसायकलसारखा फ्लोट असलेला कार्बोरेटर असे; करवत आडवी केली की पेट्रोलाचा हिशेब बिघडायचा. आता दोन पातळ पडदे असतात. एक पडदा इंजिनच्या पोटातल्या दाबावर फडफडतो आणि पेट्रोल पुढं ढकलतो. मिस्त्री समजावतो, ‘कर्जतला रेल्वेला मागून ढकलायला बँकर इंजिन लागतं ना, घाट चढायला? तसा.’ उपमा चोख आहे, फक्त बँकर सेकंदाला शेकडो वेळा मागंपुढं होत नाही. दुसरा पडदा हवं तेवढंच पेट्रोल सुईतून आत सोडतो. तो उजेडाकडं धरून मिस्त्री बोटानं दाबतो. मऊ असायला हवा. वर्षांनी तो पापडासारखा कडक होतो. ‘बघा, वाजतोय!’ शेठ वाकून ऐकतो. पडदा खरंच वाजतो.

म्हणजे कचरा नसला तरी पडदा म्हातारा असतोच. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून मिस्त्री दुसरा काढतो, आतली टाचणीच्या डोक्याएवढी जाळी धुतो, दोन्ही स्क्रू पूर्ण आवळून एकेक फेरा मागं घेतो आणि मग कानानं पाव-पाव फेरा जुळवत बसतो. शिळं पेट्रोल तो पुन्हा टाकीत घालत नाही, जमिनीवर ओतूनही देत नाही. बाटलीत भरून शेठच्या हातात देतो आणि ‘चूल पेटवायला पण घेऊ नका,’ अशी तंबी देतो. गॅरेजात ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा आणि आतलं संपेपर्यंत इंजिन चालवा, हेही सांगतो. दरवर्षी सांगतो. शेठ दरवर्षी मान डोलावतो.

या सगळ्यात झाकणाचं भोक कधी साफ झालं ते कुणाला दिसत नाही.

दोरीचा एक झटका, दुसरा, आणि कटर गर्जते. कोंबड्या पळतात. पाच मिनिटं होतात, दहा होतात, मशीन मरत नाही. शेठ खूश होऊन पैसे देतो. गाडीत बसता बसता शेजारच्याला सांगतो, ‘मी म्हटलंच होतं, कार्बोरेटर असणार.’ धूळ खाली बसते.

‘पिन कुठंय माझी?’ आतून बायको विचारते. बांगडीतली सेफ्टीपिन. मिस्त्री ती धोतराच्या टोकाला पुसतो आणि उंबऱ्यावरून पुढं करतो. टोकाला काळं मेण आहे अजून.

‘झाकणच होतं ना?’

‘हळू बोल,’ तो म्हणतो. ‘गाडी अजून वळणावर हाय.’