बोनसनाना

पोलादपूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत रात्रीचे कबड्डीचे सामने असू देत, गुणलेखकाच्या टेबलामागे एक प्लास्टिकची खुर्ची वाढीव पडलेली असते. पुढचा सोफा पुढाऱ्यांचा, त्यामागची रांग देणगीदारांची, आणि ही खुर्ची बोनसनानांची. ती कोण ठेवतं हे मंडळाच्या अध्यक्षालाही सांगता येणार नाही. नानांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथेच सुरक्षित आहे.

नाना दुपारीच येतात. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात पोरांनी ढेकळं फोडलेली असतात, पाणी मारून रोलर फिरवलेला असतो, फक्कीच्या रेषा नुकत्याच पडलेल्या असतात. नानांच्या काखेत एक लाकडी पट्टी असते. महाडच्या बाजारपेठेतल्या एका कापडवाल्याने दुकान आवरलं तेव्हा ती त्यांनी मागून घेतली. एका अंगाला मीटर, दुसऱ्या अंगाला वार. मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बाकीचं मैदान वाकडं असलं तरी नाना दुर्लक्ष करतात, पण त्या एका मीटरवर पट्टी ठेवून उकिडवे बसतात आणि म्हणतात, "दोन बोटं आत गेलीय. पुसा."

पुसावी लागते. न पुसली तर रात्रभर ऐकावं लागतं.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. समोर सहा किंवा सात गडी उभे असताना चढाई करणाऱ्याने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि दुसरा हवेत राहिला, की कुणाला हातही न लावता एक गुण. समोर पाचच उरले की बोनस बंद. या एवढ्याशा नियमावर नानांनी आयुष्य काढलं आहे. बाकी लोक चढाई बघतात, नाना गडी मोजतात. "सात हायत, टाक पाय. सहा हायत, टाक पाय. पाच? आता हात लाव नायतर घरी ये." हे ते स्वतःशीच पुटपुटतात, पण त्यांचं पुटपुटणं कशेडी घाट चढणाऱ्या ट्रकसारखं आहे, खालच्या वाडीतही पोचतं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला सल्ला बचावाचा. आपले सहा गडी उरलेले, समोरचा पोरगा प्रत्येक चढाईला बोनस घेऊन जातोय. टाइम आउटमध्ये पोरं पाणी प्यायला आली तेव्हा नानांनी कोपऱ्यावरच्याला जवळ घेतलं. "पुढच्या चढाईला मुद्दाम रेषेबाहेर पाय टाक. तू बाद, त्यांना एक गुण. पण आपण उरलो पाच. दुकान बंद!" पोराने टाकला पाय. दुकान बंद झालं खरं. पुढच्या चढाईत गिऱ्हाइकाने दोघांना हात लावला आणि उरले तीन. नानांचे डोळे लकाकले. तिघांत पकड केली की पकडीच्या गुणावर एक वाढीव मिळतो! पकड झाली नाही. उरलेले तिघे पुढच्या दोन चढायांत गेले, लोण चढला, आणि लोणाचे दोन वाढीव गुण समोरच्यांना. नाना आजही सांगतात, हिशेब बरोबर होता, पोरं चुकली.

हा हिशेब मैदानापुरता असता तर काही म्हणणं नव्हतं. महाडच्या सुकट गल्लीत नाना सुकट घेतात ती मापाने आणि परततात ते वरच्या मुठीने. विक्रेतीने मूठ घातली की म्हणतात, "ही मापातली झाली. बोनसची कुठाय?" एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट लागतं, पंचाहत्तरीनंतर २०२२पासून फुकट. नाना सध्या चौऱ्याहत्तरचे आहेत. मुंबईला लेकीकडे जायचं त्यांनी वर्षभर पुढे ढकललं आहे. म्हणतात, "एक पाय रेषेवर आलाय. आत्ता तिकीट काढणं म्हणजे खेळ न कळणं."

१५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीचा कबड्डी दिन. त्या दिवशी पोलादपुरात पाऊस असा कोसळतो की मैदान कुठे आणि सावित्री नदी कुठे हे कळत नाही. नाना ओटीवर खडूने रेषा आखतात आणि नातवंडांना दम धरायला लावतात. सून खडू पुसते. सुनेला तांत्रिक गुण.

आता तांत्रिक गुणाचा विषय निघालाच आहे तर नाना जे कधीच सांगत नाहीत ते मी सांगतो. नाना एके काळी खेळाडू होते, म्हणजे राखीव होते. अंतिम सामना, शेवटची चढाई, आपण एका गुणाने मागे. समोर सहा गडी. आपला पोरगा शहाणा, न सांगताच बोनस रेषेकडे सरकलेला. आणि बाकावरून नाना उठले, दोन्ही हात वर करून ओरडले, "टाक पाय! बोनस घे!" पोराने पाय टाकला, बोनस घेतला, सुखरूप परत आला. आपल्यात नाचणं सुरू झालं. तेवढ्यात पंचांनी शिट्टी मारली. चढाई चालू असताना आपल्याच संघातल्याने चढाईवाल्याला सूचना दिली तर समोरच्याला एक गुण. आमचा एक वाढला, त्यांचाही एक वाढला. सामना एका गुणाने गेला. नाना बाकावरून उठले ते टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसले, आणि त्या रात्रीपासून नियम त्यांना पाठ आहेत.

तर अशा नानांचा पुतण्या न्यू जर्सीला आहे. त्याने हिवाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी सातला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रविवारची रात्र आणि टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल. मी शेजारचा, चहाच्या निमित्ताने गेलेला. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

"नाना, हा बघा टचडाऊन. सहा गुण. आता वाढीव मिळवायची संधी."

'वाढीव' म्हणताच नानांनी कप खाली ठेवला.

पुतण्याने समजावलं. सहा गुण झाले की एक संधी मिळते. लाथेने चेंडू खांबांमधून मारला तर एक गुण. नाहीतर दोन यार्डांवरून एकाच डावात चेंडू पळवत किंवा फेकत रेषेपार नेला तर दोन. पूर्वी लाथसुद्धा जवळूनच असायची, जवळजवळ चुकायचीच नाही. २०१५पासून व्यावसायिक सामन्यांत चेंडू पंधरा यार्डांवर ठेवतात, म्हणजे लाथ पडते तेहेतीस यार्डांची.

"यार्ड म्हणजे वार?"

"हो नाना."

"मग सरळ वार म्हण की. नऊ वारांचं लुगडं. तेहेतीस म्हणजे चार लुगड्यांना तीन वार कमी." नानांच्या डोळ्यांपुढे चार लुगडी वाळत पडली. "आणि दोन गुणांचे दोन वार. किती वेळा जमतं?"

"दोनवालं निम्म्याच्या जरा कमी. लाथ शंभरात नव्वदच्या वर."

नाना बोटं मोजू लागले. दोनाचं निम्मं एक, लाथेचा एकाला थोडा कमी. "म्हणजे सारखंच! मग ठरवतात कशावर?"

याच वेळी लाथ बसली, एक गुण फळ्यावर लागला आणि पिवळा रुमाल जमिनीवर पडला. बचाववाल्यांपैकी एक जण चेंडू हलण्याआधीच रेषा ओलांडून आला होता. पुतण्या उत्साहाने सांगू लागला, "आता मजा बघा नाना. दंड बचावाला. प्रशिक्षकाला वाटलं तर तो मिळालेला एक गुण फळ्यावरून काढायला सांगेल. मग दोनासाठी खेळायचं, आणि दंड म्हणून अंतर निम्मं. दोनाचा एक यार्ड."

नाना उठले. कोपऱ्यातली पट्टी आणली, वाराची बाजू वर करून जमिनीवर ठेवली, मग उलटी करून मीटर पाहिला. वार मीटरला चार-पाच बोटं कमी. "अरे, ही तर आपली बोनसची पट्टी! निदानरेषा ते बोनस रेषा! आपल्याकडनंच नेलंय. १९३६ला बर्लिनच्या ऑलिंपिकात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डी दाखवली होती. तवा बघून गेले असणार."

अमेरिकन फुटबॉल त्याच्या कितीतरी आधीचा, हे पुतण्याने सांगितलं नाही. शहाणा आहे.

पण मग नानांच्या चेहऱ्यावर जे ढग आले तसे मी फक्त कांगोरी गडावर पाहिले आहेत. मिळालेला गुण परत द्यायचा. पदरात पडलेली मूठ सुकटवालीच्या टोपलीत टाकायची आणि म्हणायचं, दोन मुठी दे नाहीतर एकही नको. बोनस हवा आणि हातचाही सोडवत नाही. एक वारावरून निम्म्याहून जास्त वेळा जमतं, हिशेब सरळ दोनाच्या बाजूने, पण नानांचा हात कपावर घट्ट बसला होता.

"काय करतील रे?" त्यांनी हळूच विचारलं.

प्रशिक्षकाने दोन बोटं वर केली. फळ्यावरचा एक पुसला गेला. नानांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा एकावर एक पाच-सहा गडी रचलेले होते आणि सगळ्यात खाली, रेषेपार, चेंडू होता.

"दोन!" नाना ओरडले. मग घाबरून आजूबाजूला पाहिलं, जणू शिट्टी वाजणार. जरा वेळाने घसा खाकरून म्हणाले, "पोरा, त्यांच्यात बाहेरून ओरडलं तर किती वार मागे?"

"ओरडलं तर काही नाही नाना. उलट प्रेक्षकांना ते बारावा गडी म्हणतात. आणि प्रशिक्षक तर खेळाडूच्या कानातच बोलतो. हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो, १९९४पासून. डाव सुरू व्हायच्या थोडं आधी आवाज बंद करतात, तोवर काय सांगायचं ते सांगा."

नाना बराच वेळ पट्टीकडे बघत बसले. चहावर साय धरली. आतून सुनेने दोनदा हाक मारली तीही त्यांना ऐकू गेली नाही.

"येताना तसली दोन टोपडी आण," शेवटी ते म्हणाले.

"दोन कशाला नाना? चढाईला एकच पोरगा जातो."

"दुसरं पंचाला."