मूळ नळ

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे 'जलसंपदा' म्हणायचे. जिन्याखालच्या पाटीवर नाव असतं घरमालकाचं. भाडेकरूला नाव पडतं ते त्याच्या लक्षणांवरून. चार नंबरमध्ये पूर्वी 'तबला' राहायचे, त्याआधी 'दोन कुत्री'. मग जलसंपदा आले.

ही जात ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठंही सापडते. वय पन्नाशीच्या अलीकडचं, लोकलचा पास फर्स्ट क्लासचा, स्वतःचं घर कायम 'बघतोय' या अवस्थेत, आणि पदरी एक फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. बाकी संसार टेम्पोत चढतो आणि उतरतो. मशीनला मात्र पाणी जोडावं लागतं. भिंतीतल्या नळाचा आटा अर्धा इंची, मशीनच्या पाइपाचं तोंड पाऊण इंची. घर नौपाड्यात घ्या, खडकपाड्यात घ्या की गोग्रासवाडीत, अर्धा तो अर्धाच. घरमालक म्हणतो, तुमचं मशीन, तुम्ही बघा. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणतो, पॉइंट तयार ठेवा, मग फोन करा. मधला जो पाव इंच उरतो, त्यात जलसंपदांचं सगळं आयुष्य बसलेलं असतं.

घर बघायला गेलं की बायको ओटा बघते, मुलगी मोबाइलला रेंज येते का बघते, आणि हे चपला काढून थेट न्हाणीघरात. नळाखाली बादली, नळ पूर्ण सोडलेला, नजर मनगटावरच्या घड्याळावर. बाहेर एजंट हॉलमधलं वारं आणि स्टेशनचं अंतर रंगवून सांगत असतो. आतून आवाज येतो, "टाकी गच्चीत कुठल्या कोपऱ्यात आहे?" एजंटाला फडके रोडपासून मानपाडा रोडपर्यंतचे सगळे भाव तोंडपाठ, टाकीचा कोपरा त्याला आयुष्यात कोणी विचारलेला नसतो.

शेवटचा मजला ते घेत नाहीत. कारण ते तिथंच जिन्यात उभं राहून समजावतात, एजंटाची इच्छा असो वा नसो. पाण्याचा दहा मीटरचा उभा स्तंभ म्हणजे एक बार दाब. मशीनच्या पुस्तकात किमान दाब 0.3 बारच्या आसपास लिहिलेला असतो, म्हणजे नळाच्या वर निदान तीन मीटरवर पाणी हवं. चौथ्या मजल्याच्या डोक्यावरच टाकी. ती अर्धी झाली की नळाला धार कसली, नुसती लाळ. मशीन थोडा वेळ वाट बघतं, मग पडद्यावर दोन अक्षरं टाकून संपावर जातं. "हवा वरच्या मजल्याला, धार खालच्या," हे त्यांचं ब्रीद. तरी तळमजलाही नको, कारण तिथं पावसाळ्यात पाणी नळाशिवायच घरात येतं.

पाणी कुठून आलंय हेही त्यांना ठाऊक असतं. ठाण्यात राहत होते तेव्हा 'स्टेम'चं वेळापत्रक पाठ होतं. इकडे आल्यावर कल्याण-डोंबिवली महापालिकेचं झालं. उल्हास नदीचं पाणी बारावे, मोहिली, नेतिवलीच्या केंद्रांतून शुद्ध होऊन येतं, एमआयडीसीचं बारवी धरणाचं जांभूळहून येतं, हे त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत, भाडेकरूला बोलायचा हक्क नसताना, सांगून टाकलं. जुलैत एकदा बादलीत डोकावून ते म्हणाले, "आज रंग मोहिलीचा वाटतोय." आमच्या सेक्रेटरींनी ते मिनिट्समध्ये लिहिलं. खरं खोटं करणार कोण?

करार अर्थातच अकरा महिन्यांचा. वर्षावर गेलेल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, हे 1908 च्या नोंदणी कायद्यातलं कलम टाळायला अकराचा आकडा रुळला. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सही लेखी आणि नोंदवलेलाच हवा असं सांगून ती पळवाट बुजवली. पळवाट गेली, अकरा राहिले. आता अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरीच येतो. पंखे तीन, ट्यूब चार, गीझर एक, अशी यादी उरकून तो मान वर करतो, तर हे म्हणतात, "आता नळ लिहा."

"किती?"

"न्हाणीघर, एक. पितळी, निकल उडालेलं, मूठ ढिली, बंद केल्यावरही ठिबकतो."

"काका, त्या रकान्यात फक्त आकडा बसतो."

शेवटी त्यांनी त्या दिवशीचा पेपर नळाशेजारी धरला आणि फोटो काढला. ओलीस धरलेल्या माणसाचा काढतात तसा. तारीख दिसली पाहिजे आणि थेंबही.

घरमालकाची अट एकच, आणि ती सगळ्या घरमालकांची असते. भिंतीला हात लावायचा नाही. खिळा नाही, ड्रिल नाही, टाइल तडकली तर डिपॉझिटमधून.

"मग मशीनला पाणी?"

"बादलीनं घाला की. आमच्याकडे इतकी वर्षं तसंच करतो."

त्यांच्याकडे सेमी होतं. फुल्ली ऑटोमॅटिक मशीन धुताना एकदा पाणी मागतं आणि खळबळताना पुन्हा पुन्हा मागतं, आणि तेही आपल्या सवडीनं. काही भाडेकरू साबणाच्या खणातून तांब्या तांब्यानं पाणी ओतत तासभर शेजारी बसतात. मग त्यात ऑटोमॅटिक उरतो तो माणूसच.

प्लंबरवर जलसंपदांचा विश्वास नाही. "प्लंबर नळाकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो," असं त्यांचं निरीक्षण. भिंत बघितली की त्याला टाइल तोडून, टी टाकून वेगळा पॉइंट काढायची उबळ येते. पॉइंट उत्तम निघतो. पण टाइल दुसऱ्याची असते आणि पॉइंट भिंतीतून उपटून पुढच्या घरी नेता येत नाही. म्हणून जोडणी स्वतः करायची, आणि रविवारीच.

इथं एक अडचण असते. आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमध्ये घरटी व्हॉल्व्ह नाही. गच्चीवरचा एक व्हॉल्व्ह फिरवला की एका रांगेतली चारही न्हाणीघरं कोरडी. आणि रविवारी सकाळी साडेदहा म्हणजे डोंबिवलीची अंघोळीची वेळ. आठवडाभर सहाच्या लोकलसाठी उरकलेल्या अंघोळींचं व्याज त्या दिवशी वसूल करायचं असतं. जलसंपदांनी आदल्या संध्याकाळी सगळी दारं वाजवली होती. जिन्यात कागदही लावला होता: 'उद्या 10.30 ते 10.50 न्हाणीघराचे पाणी बंद राहील. तसदीबद्दल क्षमस्व.' खाली सही, 'भाडेकरू, खो. क्र. 4'.

रविवारी व्हॉल्व्हवर हात ठेवून त्यांनी जिन्यात तोंड घातलं आणि हाळी दिली, "कोणी साबण लावलाय काऽऽ?"

"मी लावलाय!" दुसऱ्या मजल्यावरून.

"केव्हा?"

"आत्ताच लावलाय हो!"

"असू दे. सावकाश. मी थांबतो."

अख्खा जिना आपल्यासाठी थांबलाय हे कळल्यावर कुणाची अंघोळ सावकाश होते? आतून दोन तांबे ओतल्याचा आवाज आला आणि "झालंऽ!" अशी किंकाळी. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं. त्यांना आजच केस धुवायचे होते.

"आजी, काल सांगितलं होतं ना?"

"काल शनिवार होता. शनिवारी कोण केस धुतं?"

केस धुऊन झाले, शिकेकाईचा दरवळ गच्चीपर्यंत आला, आणि मग व्हॉल्व्ह फिरला. तेव्हा अकरा वाजून गेले होते. जलसंपदा खाली उतरले ते आधी जिन्यातल्या कागदावरची वेळ पेनानं दुरुस्त करायला थांबले. शेजारी आद्याक्षरी सहीसुद्धा केली.

दुसरा पाना धरायला मी होतो. जुना नळ सोडवणं हा या कामातला खरा जोखमीचा भाग. भिंतीतला पाइप जीआयचा, नळ त्यात वर्षानुवर्षं सुतळी-सफेद्यावर बसलेला. नुसता जोर लावला तर नळ जागचा हलत नाही, भिंतीतला एल्बो फिरतो. मग टाइल, भिंत, डिपॉझिट या क्रमानं सगळं जातं. म्हणून एका पान्यानं मागचं निपल धरायचं आणि दुसऱ्यानं नळ फिरवायचा. "घट्ट धरा, पण फिरवू नका," हे त्यांनी मला इतक्यांदा बजावलं की माझा हात कापायला लागला. मग कुठंतरी 'कट्' असा आवाज झाला. आम्ही दोघंही भिंतीकडे बघत राहिलो. नळ नखभर सरकला होता, निपल जागच्या जागी होतं. "हं," ते म्हणाले. एवढ्यावर त्यांनी माझी सुटका केली नाही. चहासाठीही पाना सोडू दिला नाही.

दात घासायच्या जुन्या ब्रशानं त्यांनी आट्यातली सुतळी काढली. ती लावून गेलेल्या कुणा जुन्या प्लंबरला "हात चांगला होता" अशी दाद दिली. मग टेफ्लॉन टेप. आटा ज्या दिशेनं आवळायचा त्याच दिशेनं टेप गुंडाळायची, नाहीतर नळ बसवताना ती उलगडून गोळा होते. प्रत्येक वेढा ताणून, अंगठ्यानं आट्यात दाबून. त्यावर नवा टू-इन-वन नळ: एक तोंड बादलीसाठी, दुसऱ्यावर पाऊण इंची आटे. व्हॉल्व्ह सोडल्यावर सांध्याखाली टिश्यू पेपर धरून बसले. टिश्यू कोरडा राहिला तरी ते उठेनात.

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, "मशीनमध्ये कपडेही टाकायचे असतात."

काढलेला मूळ नळ त्यांनी पुसला, सुकवला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'खो. क्र. 4, न्हाणीघर, मूळ नळ'. पिशवी श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात गेली. त्या डब्यात मशीनचे ट्रान्सपोर्ट बोल्टही असतात. फ्रंट लोडचा ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो. नवं मशीन येतं तेव्हा हे बोल्ट त्याला जखडून ठेवतात, आणि बहुतेक घरांत ते पहिल्याच दिवशी थर्माकोलबरोबर कचऱ्यात जातात. जलसंपदांनी जपले. पश्चिमेहून पूर्वेला बिऱ्हाड आणलं तेव्हा कोपर पूल बंद होता (2019 ते 2021, ज्यांनी भोगलं त्यांना तारखा सांगायला नकोत). रेल्वेपलीकडची बिल्डिंग खिडकीतून दिसत होती आणि टेम्पो ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा घेत खड्ड्याखड्ड्यांतून आला. कपाटाचा आरसा फुटला, टीव्हीला पोचा आला. ड्रम हललाही नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. आरशाचं बायको सांगते.

बघता बघता सगळ्या जिन्याची मशीनं त्यांच्या हाताखाली आली. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पाइप जिथं मशीनला बसतो तिथली नखाएवढी जाळी बुजते. ती पक्कडीनं हलकेच ओढून ब्रशानं धुवायची, हे त्यांनी घरोघर करून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावर नव्या जोडप्याचं मशीन पाणी घेत होतं, सोडत होतं, पुन्हा घेत होतं, थांबायचं नाव नाही. कंपनीकडे तक्रारही झाली होती. जलसंपदांनी मशीनकडे पाहिलंच नाही. जमिनीवर लोळणारा सांडपाण्याचा पाइप उचलून कमरेच्या उंचीवर खुंटीला अडकवला. पाइप खाली असला की आत आलेलं पाणी आपसूक ओढून बाहेर जातं, मशीन बिचारं भरतच बसतं. जोडप्यानं काय द्यायचं म्हणून विचारलं. "खुंटी घरमालकाचीच आहे ना? मग झालं," म्हणाले. त्यांना एवढीच काळजी.

अकरा महिने संपले, भाडं वाढलं, टेम्पो आला. किल्ली घ्यायला घरमालक आले तेव्हा जलसंपदा न्हाणीघरात, दोन पाने घेऊन.

"हे काय काढताय?"

"माझा नळ."

"अहो, राहू द्या की तो. छान आहे. येणाऱ्यांकडेही मशीन आहे म्हणे."

"भिंतीला हात लावायचा नाही असं ठरलंय आपलं."

"मीच सांगतोय ना आता, लावा हात!"

"जसं घेतलं तसं देणार," जलसंपदा म्हणाले आणि पिशवीवरची चिठ्ठी सोडवून मूळ नळ बसवला. टेप नवी, वेढे तेच, दाबणंही तेच. नळ सोडला, बंद केला. टप्. टप्.

"ठिबकतोय हा!"

त्यांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. पेपर, तारीख, थेंब.

"पण अकरा महिने तुमच्याकडेच होता ना? वॉशर नाही का बदलायचा? दहा रुपयांचा वॉशर!"

"बदलला असता. पण मग तो मूळ राहिला नसता."

घरमालकांनी डिपॉझिटचा चेक पूर्ण रकमेचा लिहिला. कापायला जागाच नव्हती. खाली टेम्पोत पुढच्या सीटवर बायको बसली होती, मांडीवर श्रीखंडाचा डबा. जलसंपदा चढणार एवढ्यात मागून दुसरा टेम्पो लागला. चादरीत गुंडाळलेलं मशीन उतरवत एक तिशीतला मुलगा घामाघूम होऊन घरमालकांना विचारत होता, "काका, इथं मशीनला पाणी कुठून घ्यायचं?"

घरमालकांनी जलसंपदांकडे बघितलं. जलसंपदांनी बायकोकडे.

बायकोनं डबा खिडकीतून त्यांच्या हातात दिला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, इंजिन बंद करा. कोपऱ्यावर चहा चांगला मिळतो."