पडलेला त्रिकोण

(रंगमंचावर फळा, आकारांचा तक्ता आणि एक टेबल. टेबलावर लोकरीचा चेंडू, बांगडी आणि झाकलेली बशी. व्याख्याता उपरणे सावरतो आणि विद्वत्परिषदेत निबंध वाचण्याच्या कोरड्या, ठाम स्वरात बोलू लागतो.)

बिंदू, म्हणजे ज्याला भाग नाही असे काहीतरी, येथून युक्लिड आरंभ करतो. परंतु चार वर्षांच्या मुलाला भाग नसलेली वस्तू देऊ केल्यास ते हात पुढे करते, रिकाम्या तळहाताकडे पाहते आणि भोकाड पसरते. ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ साली बालशिक्षणाचे कार्य सुरू करणाऱ्या फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने म्हणूनच हा क्रम उलटा केला: आधी चेंडू, मग ठोकळे, मग पातळ फळ्या, मग काड्या आणि बिंदू अगदी शेवटी.

(चेंडू आणि बांगडी दोन्ही हातांत तोलतो.)

प्रचलित तक्त्यावर वर्तुळाशेजारी चेंडू, पोळी आणि बांगडी अशी चित्रे असतात, आणि यांपैकी चेंडू हा घनाकृती गोल, पोळी ही चकती, तर केंद्रापासून समान अंतरावरील बिंदूंचा संच, अर्थात वर्तुळ, या पदाला त्यातल्या त्यात बांगडीच पात्र ठरते. तिन्हींना ‘गोल’ म्हणणाऱ्या मुलासाठी बालवाडीत टाळ्या वाजतात आणि त्याच उत्तराबद्दल माध्यमिक शाळेत त्याचे गुण कापले जातात.

(फळ्यावर टोक खाली असलेला त्रिकोण काढतो. मान वाकडी करून पाहतो. आणखी वाकडी करतो. उपरणे घसरते.)

त्रिकोण म्हणजे तीन रेषाखंडांनी बंदिस्त झालेली आकृती. तिने तळाशी बैठक मारून, डोके वर ठेवूनच बसावे, ही अट युक्लिडची नसून तक्ता छापणाऱ्याची आहे. प्रस्तुत आकृती पाहून मूल ‘त्रिकोण पडला’ असे सांगते, तेव्हा ते छापणाऱ्याशी पूर्णतः एकनिष्ठ असते. पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डॉफ या डच दांपत्याने १९५७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार ही आकलनाची पहिली, म्हणजे दृश्य पातळी होय; तीवर मूल बाजू व कोन मोजत नाही, चेहरा ओळखावा तसा अख्खा आकार ओळखते, आणि शीर्षासनातील काका ओळखू न आल्यास थोडा दोष काकांकडेही जातो.

डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण आदिवासींच्या अंगणापर्यंत नेले. त्याच परिसरातील वारली चित्रांत माणूस दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून काढतात, ज्यांतील वरचा त्रिकोण नेहमीच टोकावर उभा असतो. तेव्हा तक्त्याचा नियम तेथे लावल्यास भिंतीवरील प्रत्येक माणसाची छाती पडलेली ठरेल आणि तारपा वाजवायला कोणीच शिल्लक राहणार नाही.

(तक्ता उतरवून एका कोपऱ्यावर उभा धरतो.)

एवढ्या हालचालीने चौरसाची शंकरपाळी होते. बाजू त्याच, कोन तेच, तरीही वर्ग एकमुखाने ‘शंकरपाळी!’ असे ओरडतो आणि बाईंचाही क्षणभर गोंधळ उडतो. चारही कोन काटकोन असलेला चौकोन तो आयत, म्हणून चौरसही आयतच, ही बातमी तर मुलाला कित्येक वर्षे कळूच दिली जात नाही, कारण तक्त्यावर दोघांना स्वतंत्र खोल्या दिलेल्या असतात.

(बशीवरील झाकण काढतो. शंकरपाळी उचलतो, गंभीरपणे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोडतो.)

समान चार बाजूंच्या चौकोनाचे कर्णावर दोन भाग केले असता दोन त्रिकोण मिळतात, (एक खातो) ज्यांपैकी एक पुराव्याअभावी बाद होतो. उरलेला सुलटा की पडलेला, हे परीक्षक बशीच्या कोणत्या बाजूला बसला आहे यावर ठरते, परंतु तोंडी परीक्षेत परीक्षकाला उठवून पलीकडे बसवण्याची तरतूद नसल्यामुळे (दुसराही खातो, पुढचे वाक्य तोंड भरल्याने ऐकू येत नाही, बशीत हात घालतो.)

(पडदा.)