‘ओवी’ची ‘वी’ करणाऱ्या कंट्रोल बटणास

डाव्या कोपऱ्यातल्या कंट्रोल बटणा,

मायना घालत नाही. तेवढी तुझी लायकी नाही.

शिफ्टच्या बरोबर खाली तू दबा धरून बसतोस. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘ओ’ हवा असेल तर शिफ्ट आणि इंग्रजी ए दाबायचं. करंगळी जराशी खाली घसरली की शिफ्टऐवजी तू दाबला जातोस आणि अख्खा मजकूर निवडला जाऊन निळा होतो. हात वेगात असतो, पुढची अक्षरं पडून जातात. ‘ओवी’ लिहायला निघालेल्याच्या फाइलीत उरते फक्त ‘वी’. बाकी पानंच्या पानं साफ. ‘ऐन’ लिहिताना घसरलं तर कंट्रोल-डब्ल्यू, म्हणजे खिडकी बंद. ‘औत’ला कंट्रोल-क्यू, म्हणजे कित्येक ठिकाणी प्रोग्रामच मिटला.

हे नुकसान कोणाचं करतोस, कळतं का तुला? जळगाव-धुळ्याकडे अहिराणी ओव्या नि लग्नातली गाणी म्हाताऱ्या बायांच्या तोंडून ऐकून टाइप होतात. त्यातली प्रत्येक बाई पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, त्यांची गाणी लिहून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. त्या वहीशेजारी तू नव्हतास, हे आमचं नशीब. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद सांभाळतंय. कागदाला वाळवी लागते, पण तीसुद्धा एका क्षणात पोथी संपवत नाही.

तुझ्या पाठीराख्यांनाही, म्हणजे प्रोग्राम बनवणाऱ्यांनाही, सुनावतो. फाइल बंद करताना ‘जतन करू का’ म्हणून विचारता, मग सगळा मजकूर एका अक्षरानं पुसला जातो तेव्हा गप्प का? जिथे आपोआप जतन होतं, तिथे ती ‘वी’च पक्की होते. जुन्या नोटपॅडला तर मागे फिरायची एकच पायरी होती. घाबरून आणखी काही खोडलं-चिकटवलं की परतीची वाट बंद. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये त्या पायऱ्या वाढल्या, पण टायपिंगच्या कितीतरी दुकानांत जुनीच यंत्रं चालू आहेत.

टाइप करणाऱ्या भावा-बहिणींनो, ओ, ऐ, औसाठी उजव्या हाताची शिफ्ट वापरा. मजकूर गेलेला दिसला तर दुसरं काही टाइप करू नका, जतन करू नका, फाइल बंद करू नका. आधी कंट्रोल-झेड दाबा. आणि गोळा केलेल्या ओव्यांची एक प्रत रोज दुसरीकडे ठेवा.