दुर्मिळ सागरी गोगलगाय: लक्षण, परीक्षण आणि पार्श्वदर्शन

शास्त्राची थोरवी त्याच्या विषयाच्या लांबीशी व्यस्त प्रमाणात असते, हे एकदा मान्य केलं की पाच मिलिमीटरच्या सागरी गोगलगायीचं शास्त्र खगोलशास्त्राच्या पुष्कळ पुढे निघून जातं. प्रस्तुत प्रबंधाचा विषय न्यूडीब्रँक, म्हणजे बालपणीच शंख टाकून उघड्या अंगानं हिंडणारी गोगलगाय. त्यातही फक्त थंड पाण्यातली. उष्ण समुद्रातल्या तिच्या बहिणी पैठणी नेसल्यासारख्या नटतात; त्या कोणालाही दिसतात, म्हणून विद्वानांस वर्ज्य.

क्षेत्र म्हणून नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, सोग्नेफ्योर्डच्या मुखाजवळचं गुलेन घ्यावं. काळ मार्च. पाणी पाच-सहा अंश, पण वसंतातलं प्लवक अजून न माजल्यामुळे बऱ्यापैकी नितळ. या मुहूर्तावर भाविक ड्रायसूट चढवून उतरतात आणि काळ्या खडकावर नाक टेकून तासभर पडून राहतात. हा तास हवेच्या टाकीवर ठरतो असा पूर्वपक्ष आहे. तो खोटा. थंड पाण्यात पाणबुड्याला पडणारी सर्वात मोठी शंका म्हणजे लघुशंका, आणि अनेक शोध तिच्यापायी अर्धवट राहिले असावेत.

आता छायाचित्रण. आद्य नियम असा की फोकस डोक्यावरच्या त्या दोन शिंगांवर हवा, ज्यांनी ती वास घेते. दुसरा नियम गोगलगायीचा: कॅमेरा दिसताच पाठ फिरवावी. जाड हातमोज्यातून बटण सापडेपर्यंत ती निम्मी वळलेली असते, आणि घाईत एक फिन तळाला लागली की गाळाचा प्रत्येक कण फ्लॅशमध्ये उजळून चित्रात हिमवर्षाव होतो. उरतो तो पार्श्वभाग. मात्र नवख्यांनी त्यास हसू नये. डोरिड गटात कल्ले गुदद्वाराभोवतीच फुललेले असतात आणि ओळख पटवण्यात त्यांचं मत विचारात घ्यावंच लागतं. इओलिड गटात तर पाठीवरची बोटंच महत्त्वाची. ही मंडळी हायड्रॉइड या झुडपासारख्या दिसणाऱ्या डंखधारी प्राण्यांचे डंख गिळतात, ते फुटू न देता याच बोटांच्या टोकांत साठवतात आणि पुढे शत्रूवर वापरतात. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही. हिच्या पाठीत तर उसनं शस्त्रागार आहे.

परंतु पाठीचं चित्रही पुरत नाही. डोटो वंशाचंच पहा. पांढुरकं अंग, अंगावर गाठी, गाठींवर ठिपके, सगळ्या सारख्याच. हेनिंग लेमके यांनी 1976 मध्ये ब्रिटिश पाण्यातल्या डोटोंमधून अनेक नव्या जाती वेगळ्या काढल्या, आणि तेव्हापासून ‘ती कोण?’ या प्रश्नाआधी ‘ती काय खाते?’ हा प्रश्न येतो, कारण बहुतेक डोटोंचा हायड्रॉइड ठरलेला असतो. म्हणून गोगलगायीआधी तिच्या ताटाचा फोटो काढावा. हौशी मंडळी नेमकं ताट कापून टाकतात आणि मग पंडितांकडे कुंडली मागतात.

कॅमेऱ्याविना ही ओळख कशी साधे, याचं उत्तर न्यूकॅसलच्या जोशुआ ऑल्डर आणि ऑल्बनी हॅनकॉक यांनी दिलं आहे. स्पिरिटात टाकलेली न्यूडीब्रँक रंग सोडून आकसते आणि गोळा होऊन बसते. म्हणून यांनी जिवंत प्राणी समोर ठेवून चित्रं रंगवली. 1845 ते 1855 अशी दहा वर्षं त्यांचा ग्रंथ भागाभागानं निघत होता. ऑल्डर यांची पुंजी 1857 च्या बँकबुडीत गेली, तेव्हा सरकारनं त्यांना पेन्शन दिलं. पालकांनी हे मुलांच्या करिअरच्या वेळी ध्यानात ठेवावं.

राहिला दुर्मिळतेचा प्रश्न. खरोखर थोड्या असणाऱ्या दुर्मिळ, हे सामान्य मत. इवल्याशा असल्यानं न दिसणाऱ्या दुर्मिळ, हे मध्यम मत. उत्तम मत असं की सर्वांनी पाहिलेली, सर्वांनी टिपलेली आणि सर्वांनी चुकीच्या नावानं साठवलेली ती खरी दुर्मिळ. प्रमाण: पॉलिसेरा क्वाड्रिलिनिएटा हे नाव 1776 पासून चालत आलेलं. 2020 मध्ये जनुकं आणि शरीररचना तपासल्यावर तिच्याच आडून पॉलिसेरा नॉर्वेजिका ही स्वतंत्र जात बाहेर आली. ज्यांच्या डिस्कवर नॉर्वेचे जुने फोटो होते ते रातोरात, बनियनवर बसल्याबसल्या, दुर्मिळ जातीचे छायाचित्रकार झाले असणार.

उलट उदाहरणही आहे. कोरिफेला लिनिएटा बराच काळ फ्लॅबेलिना होती, 2017 मध्ये फ्योर्डिया झाली आणि 2022 मध्ये पुन्हा कोरिफेला. या सगळ्याची वार्ता खुद्द तिला नाही. तेव्हा फोल्डरला गोगलगायीचं नाव देऊ नये. जागा, तारीख, खोली आणि हायड्रॉइड एवढंच लिहावं, आणि जागा उरलीच तर शेवटी, कंसात, पेन्सिलीनं, जात.