स्विच बदला, षड्ज सुधारा

ऑडिओफाइल, म्हणजे ध्वनिशौकिनांसाठीचा, नेटवर्क स्विच हे इंटरनेटवरून घरात येणारे गाणे अधिक सुरेल व्हावे म्हणून विकले जाणारे उपकरण होय. नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारा पाच पोर्टांचा साधा स्विच हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. या कुलीन जातीचा भाव कित्येक हजारांपासून सुरू होऊन लाखांत जातो. त्यात जाड ॲल्युमिनियमचा डबा, वेगळा वीजपुरवठा, जास्त काटेकोर घड्याळ आणि खाली कंपन शोषणारे पाय असतात. स्विचमध्ये हलणारा भाग एकही नसतो, पण पाय असतात.

सीडीच्या दर्जाचे संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि वाहिन्या दोन. एकूण हिशेब सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. हे आकडे जास्तीत जास्त १,५०० बाइटांच्या पुडक्यांत बांधून पाठवले जातात. प्रत्येक पुडक्याच्या शेवटी ३२ बिटांची पडताळणीची बेरीज असते. पलीकडचे यंत्र ती पुन्हा करते. जुळली नाही तर पुडके फेकून देते आणि तेच पुन्हा मागवले जाते. म्हणजे पुडके एक तर धड येते, नाही तर येत नाही. ‘आले, पण गंधार जरा उतरलेला’ अशी सोय या व्यवस्थेत ठेवलेली नाही. याच तारेतून घरोघरचे वीजबिलही भरले जाते. स्विच साधा होता म्हणून बिलातला आकडा धूसर झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. तसा तो झाला असता, तर साध्या स्विचला मागणी वाढली असती.

विक्रेत्यांचा यावरचा मुद्दा वेळेचा असतो. पुडकी मागेपुढे येतात, त्यातून ‘जिटर’ होतो आणि ताल बिघडतो. पुडकी मागेपुढे येतात हे खरेच आहे. मात्र आलेले आकडे थेट स्पीकरकडे धावत नाहीत. वाजवणारे यंत्र काही सेकंदांचा, कधी अख्ख्या गाण्याचा साठा करून ठेवते, आणि कोणता नमुना कधी सोडायचा हे ध्वनी-परिवर्तकाजवळचे, म्हणजे डॅकचे, घड्याळ ठरवते. याचा पडताळा घरीच घेता येतो. ख्याल रंगात आला असताना नेटवर्कची तार उपसावी. गाणे काही काळ तसेच चालू राहते. त्या काळात लाखाचा स्विच सुरात किती भर घालतो, हे कान देऊन ऐकावे.

शिवाय गाणे त्या स्विचपाशी पोचण्याआधी शेकडो किलोमीटर फायबर, वाटेतले कितीतरी साधे राउटर आणि इमारतीच्या जिन्याखालचा, झाकण नसलेला केबलवाल्याचा डबा एवढे पार करून आलेले असते. एवढ्या प्रवासाचा शीण शेवटचा दीड मीटर काढतो, अशी श्रद्धा आहे.

विक्रेत्यांच्या दुसऱ्या, विद्युत गोंगाटाच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे. धातूचे कवच असलेली तार दोन यंत्रांचे अर्थिंग जोडते आणि क्वचित स्पीकरमधून घूं-घूं सुरू होते. कवच नसलेली साधी तार लावली की ती थांबते, आणि ही तार शे-दोनशे रुपयांत येते. प्रत्यक्ष संकेताच्या वाटेवर तारेच्या नेटवर्कच्या, म्हणजे इथरनेटच्या, मानकानुसार छोटे ट्रान्सफॉर्मर आधीच बसवलेले असतात, १,५०० व्होल्टचे विलगीकरण देणारे. वाय-फायमध्ये तर तारच नसते, तिथे हा मुद्दा विक्रीतून गळतो.

या उद्योगाचा इतिहास मोठा रंजक आहे. ध्वनियंत्रे बनवणाऱ्या डेनॉनने ४९९ डॉलरांची दीड मीटरची एक तार आणली होती. दिसायला ती नेटवर्कचीच, वर संकेताची दिशा दाखवणारे बाण. २००८ च्या सुमारास ती गाजली ती मुख्यतः ग्राहकांनी लिहिलेल्या टवाळखोर अभिप्रायांमुळे. २०१५ मध्ये सोनीने संगीतासाठी ‘कमी गोंगाटाचे’ ६४ जीबीचे मेमरी कार्ड काढले. त्याच वर्षी लास वेगासमध्ये आर्स टेक्निका हे तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळ आणि अचाट दाव्यांची पारख करणारे जेम्स रँडी प्रतिष्ठान यांनी महागडी व स्वस्त इथरनेट तार श्रोत्यांना न दाखवता लावून पाहिली. श्रोत्यांना फरक सांगता आला नाही. पुढच्याच वर्षी जपानी शौकिनांनी घरापुरता विजेचा स्वतंत्र खांब उभारल्याची बातमी आली. त्यांच्यापुढे स्विच घेणारा काटकसरीच ठरतो.

तरीही फरक ऐकू येतो, आणि सांगणारा खोटे बोलत नसतो. किंमत ठाऊक असते, डबा समोर दिसतो, तारा बदलेपर्यंत आधीचा आवाज विसरलेला असतो. त्यात आवाज अर्धा डेसिबल चढा लागला, तरी कान त्याला स्पष्टपणा समजतो. प्रत्येक नव्या उपकरणाने ‘सुरांवरचा पडदा दूर झाला’ असे अभिप्राय येतात. इतके पडदे निघूनही पुढच्या उपकरणासाठी एक शिल्लक असतोच.

गाणे अडखळत असेल तर राउटर कपाटातून बाहेर काढावा, किंवा साधी तार ओढावी. ॲपमधला दर्जा सर्वांत वरचा निवडावा, स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्यावेत, उघड्या फरशीवर सतरंजी अंथरावी. एवढे केल्यावर आवाज खरोखर बदलतो. स्विच हवाच असेल तर माळ्यावरचा १०० मेगाबिटचा जुनाही चालेल. सीडीच्या दर्जाची साठ गाणी तो एका वेळी वाहून नेतो.