खालचं वर, वरचं खाली

दोन भाऊ, एक बहीण आणि साडेचार एकर ऊस एवढी शिदोरी असली की कोल्हापूर-सांगलीकडचं कुटुंब तीन पिढ्या कोर्टात सुखाने नांदू शकतं. गाव म्हणतं, साडेचार एकर म्हणजे १८० गुंठे, करा वाटण्या आणि व्हा मोकळे. गावाला दिवाणी प्रक्रिया संहिता ठाऊक नसते.

समजा, वडील २००१ साली गेले, आई त्याआधीच गेलेली, आणि धाकट्याने तालुक्याच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला. सातबारा, फेरफार, साक्षी, उलटतपासणी, ‘साहेब रजेवर आहेत’ असं सगळं यथासांग होऊन एक दिवस निकाल लागतो. धाकटा पेढे वाटतो. पेढे संपल्यावर वकील सांगतात, की हा प्राथमिक हुकूमनामा आहे. म्हणजे हिस्सा किती ते ठरलं. विहिरीकडचा तुकडा कुणाचा आणि ओढ्याकडचा कुणाचा, ते अंतिम हुकूमनाम्यात. अपील मात्र दोन्हींवर वेगवेगळं करता येतं.

थोरल्यांना जिल्हा न्यायालयात जायला ३० दिवस असतात. ते पंचेचाळिसाव्या दिवशी जातात, कंबरदुखीचा दाखला आणि विलंब माफीचा अर्ज घेऊन. तिथे सगळा पुरावा पुन्हा तपासला जातो. फरक एवढाच, की खालच्या न्यायाधीशांनी साक्षीदाराला फुटलेला घाम पाहिलेला असतो; वरच्यांपुढे टंकलिखित जबाब येतो, आणि टंकलेखनात घाम उमटत नाही. पुढे उच्च न्यायालय. १९७६ च्या दुरुस्तीपासून दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावाच लागतो. ‘विहिरीवरची मोटर मी बसवली’ हे तिथे चालत नाही. वकील मग त्या मोटरीला एकत्र कुटुंबाचं उत्पन्न, स्वकष्टार्जित मिळकत आणि पुराव्याचा भार असा मसाला लावतात की खुद्द थोरल्यांनाही ती ओळखू येत नाही. तिथेही हरलं तर सर्वोच्च न्यायालयात, आधी अपील करण्याची परवानगी मागायची. जितकं वर जावं तितका प्रश्न लहान आणि फी मोठी.

आता कुणी विचारेल, थोरल्यांना जिंकायची खात्री असते का? अजिबात नाही. त्यांना स्थगिती हवी असते. ताबा त्यांच्याकडे, तेव्हा ‘जैसे थे’ म्हणजे ऊस त्यांच्या नावाने तुटणार आणि कारखान्याचं बिल त्यांच्या खात्यावर पडणार. अपील फेटाळलं जाईल हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ते कधी फेटाळलं जाईल, एवढाच त्यांच्या दृष्टीने कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न.

पूर्वी तारखेसाठी दोघांना महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागे. एकाच डब्यात, कारण तिकीट काढणारा एजंट एकच. ‘दादा, तुम्ही खाली झोपा, गुडघे दुखतात तुमचे,’ म्हणत धाकटा वरच्या बर्थवर चढे आणि सकाळी त्याच दादांवर खोटी सही केल्याचा आरोप करायला कोर्टात हजर होई. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. सोय झाली, भावाभावांना एकमेकांशी बोलायची उरलेली एकमेव रात्र मात्र गेली.

राहिली मिरजेला दिलेली आक्का. तिचं लग्न १९९० चं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. म्हणून तिला फक्त वडिलांच्या हिश्श्यातला तिसरा भाग, २० गुंठे. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली, लग्नाची आडकाठी गेली : ६० गुंठे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या तारखेला वडील हयात हवेत : पुन्हा २०. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने २००१ साली वारलेल्या वडिलांच्या मुलींनाही बरोबरीचा वाटा दिला : पुन्हा ६०. दोन निकाल जुळेनात, तेव्हा तीन न्यायमूर्तींनी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं, की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील हयात असोत वा नसोत. शिवाय नुसत्या प्राथमिक हुकूमनाम्याने वाटणी पुरी होत नाही. तेव्हा धाकट्याचे जुने पेढे फुकट गेले.

त्या दिवशी दोन्ही भावांचं प्रथमच एकमत झालं. भाऊबीजेला दोघं एकाच गाडीने मिरजेला गेले, साडी आणि हक्कसोडपत्र घेऊन. आक्काने साडी ठेवून घेतली.

दिल्लीपर्यंत चढलेला कागद शेवटी उतरतो कुठे? सारा लागणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी कायद्याने महसूल खात्याकडे आहे. म्हणजे जिल्हाधिकारी, तिथून तहसीलदार, तिथून भूकरमापक. तो खुणा करायला लागला की एक भाऊ म्हणतो, ‘साहेब, चार बोटं इकडं घ्या.’ दुसरा हरकतीचा अर्ज खिशातून काढतो. प्राथमिक हुकूमनामे धूळ खात पडतात हे पाहून २०२२ साली केरळमधल्या एका वाटणीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खालच्या कोर्टांनी अर्जाची वाट न पाहता आपणहून अंतिम हुकूमनाम्याचं काम पुढे न्यावं. कोर्टांना हे कळलं असेल. भावांना कळायचंय.

ज्यांना कोर्ट नको त्यांच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ८५ आहे. सगळ्या हिस्सेदारांची संमती असली तर शेतजमिनीची वाटणी तहसीलदारच करून देतात, आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक लागतो १०० रुपयांचा. तेव्हा वडीलधारे हयात आहेत तोवर आक्कासकट सगळ्यांना एका सतरंजीवर बसवा आणि सह्या करून घ्या. तीन कोर्टं चढून उतरलात तरी हिस्सा हाच मिळणार आहे, वकिलांची फी वजा जाता.